वाचनालयाच्या छपरासाठी मदतनिधीचा कार्यक्रम: स्थानिक कलाकारांचं मानधन कसं ठरवावं?

वाचनालय_कार्यवाह

आमचं तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. संस्था विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली आहे. संदर्भ विभागावरचं पत्र्याचं छप्पर गळतं आणि दुरुस्तीचा अंदाज २ लाख ४० हजारांचा आला आहे. शासनाचं अनुदान वेतन, पुस्तकं आणि नियतकालिकं यांतच जातं. म्हणून दिवाळीनंतर गावातल्या नाट्यगृहात (४२० खुर्च्या) भावगीतं-नाट्यगीतांचा तिकीट लावून कार्यक्रम करायचा आहे. कलाकार सगळे गावातलेच: दोन गायक, पेटी, तबला, कीबोर्ड, तालवाद्य आणि निवेदक. शिवाय बाहेरच्या दालनात तीन स्थानिक चित्रकारांची चित्रं विक्रीला ठेवायची कल्पना आहे.

कार्यकारिणीतल्या बहुतेकांचं म्हणणं असं की नाट्यगृह, ध्वनिव्यवस्था आणि छपाईचे पैसे द्यावेच लागतील, पण कलाकार आपलेच आहेत. त्यांना शाल-श्रीफळ द्यावं, चित्रकारांनी एकेक चित्र भेट द्यावं. मला हे पटत नाही. पेटीवाले आणि तबलजी यांचं घर याच कामावर चालतं. पण नुसतं "बरोबर दिसत नाही" म्हणून सभेत भागणार नाही, आकडे मांडावे लागतील.

मानधन देऊन निधी उरेल का? किती द्यावं, कसं द्यावं? आणि एखाद्या कलाकाराला स्वखुशीनं विनामूल्य गायचं असेल तर काय करावं?

---

जमाखर्च

आधी तिकिटांचा हिशेब करा, म्हणजे सभेतला अर्धा वाद मिटेल.

वीस खुर्च्या सन्मानिकांसाठी (पाहुण्यांच्या मोफत प्रवेशिकांसाठी) बाजूला ठेवा. त्याहून जास्त अजिबात नको. सन्मानिका वाटत सुटलं की पुढच्या रांगा फुकट जातात आणि ५०० चं तिकीट काढणारा आठव्या रांगेत बसतो. उरल्या ४००. समजा १२० खुर्च्या ५०० रुपयांना, १६० खुर्च्या ३०० ला आणि १२० खुर्च्या १५० ला. सगळं विकलं गेलं तर १ लाख २६ हजार. पण अंदाजपत्रक कधीही भरलेल्या नाट्यगृहावर बांधू नका, ७० टक्क्यांवर बांधा. म्हणजे साधारण ८८ हजार. तिकीट ५०० च्या वर नेऊ नका, कारण माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत-नाटकाच्या प्रवेशाला जीएसटी माफ आहे.

खर्च (तुमच्या गावचे दर घालून आकडे बदला): नाट्यगृह १५,०००, ध्वनी १८,०००, प्रकाश ६,०००, प्रवेशिका आणि फलक ५,०००, चहा-जेवण ४,०००, तालमी आणि प्रवास ४,०००. कलाकारांना समजा दोन गायक प्रत्येकी ८,०००, पेटी, तबला आणि कीबोर्ड प्रत्येकी ५,०००, तालवाद्य आणि निवेदन प्रत्येकी ४,०००, असे मिळून ३९,०००. एकूण ९१,०००. गाण्यांच्या हक्कांचं शुल्क याच्या वर.

म्हणजे तिकिटांतून कार्यक्रम जेमतेम स्वतःचा खर्च भागवतो. आता उलट बाजू बघा. कलाकारांना एक पैसाही दिला नाही तरी वाचतात ३९ हजार, म्हणजे छपराच्या खर्चाचा सहावा हिस्सा. सात जणांचं मानधन बुडवूनही छप्पर होत नाही. ते होणार स्मरणिका आणि देणग्या यांवर, आणि कार्यकारिणीची खरी मेहनत तिथे लागली पाहिजे.

स्मरणिका: मलपृष्ठ १५,०००, आतली दोन मुखपृष्ठं प्रत्येकी १०,०००, वीस पूर्ण पानं ५,००० नं, वीस अर्धी पानं ३,००० नं. बेरीज १ लाख ९५ हजार. यातले ८० टक्केच हातात येतात असं धरा, कारण "बिल पाठवा, बघतो" म्हणणारे कार्यक्रम झाल्यावर भेटत नाहीत. उपाय एकच: पैसे जमा झाल्याशिवाय जाहिरात छापखान्यात जाऊ द्यायची नाही. आले १ लाख ५६ हजार, त्यातून ५०० प्रतींच्या छपाईचे ३६ हजार वजा. उरले १ लाख २० हजार.

बाकीच्या १ लाख २० हजारांसाठी देणगीचं माप ठरवा. एक पत्रा बसवणुकीसह २,५०० रुपये धरला तर ४८ पत्रे होतात. माणूस "काहीतरी द्या" याला शंभर देतो, पण "एक पत्रा तुमचा" म्हटलं की २,५०० ची पावती फाडतो. तिकिटात दोन-तीन हजारांची तूट आलीच तर ती ४९ वा आणि ५० वा पत्रा भरून काढतील.

संस्थेला ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. ती पावती फक्त देणगीची. तिकिटाच्या बदल्यात कार्यक्रम आणि जाहिरातीच्या बदल्यात प्रसिद्धी मिळते, म्हणून त्यांना ८०जी लावता येत नाही. रोखीनं २,००० च्या वर दिलेल्या देणगीलाही सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला ही वजावट मिळतच नाही. हे पावतीपुस्तक हाती देतानाच कार्यकर्त्यांना समजावून सांगा. चुकीची आश्वासनं तिथेच दिली जातात.

प्रवेशिकांना अनुक्रमांक हवा, स्थळप्रत (आपल्याकडे राहणारा तिकिटाचा तुकडा) हवी आणि कोणाला कुठून कुठपर्यंत दिल्या याची वही हवी. न विकलेल्या प्रवेशिका दोन दिवस आधी परत घ्या. शेवटच्या तासाला खिडकीवर गर्दी असते आणि तिकिटं कोणाच्या तरी खिशात पडून असतात.

---

पांढरी_दोन

जमाखर्च यांनी मानधन ध्वनी-प्रकाशाच्या रांगेत बसवलं, तेच बरोबर आहे. ते उरलं तर द्यायचं नसतं. कार्यक्रम ठरतानाच खर्चात धरायचं असतं.

रक्कम ठरवताना सर्वांत सोपा नियम: तो कलाकार गावातल्याच लग्नाच्या संगीताला किंवा गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाला किती घेतो ते विचारा. तो त्याचा चालू दर. त्यातून कमी करायचं असेल तर ते त्यानं करावं, तुम्ही नाही. "यंदा संस्थेकडे एवढंच आहे" असं सांगून आकडा पुढे ठेवा आणि नाही म्हणायला मोकळीक द्या. गायक आणि साथीदार यांच्यात फरक राहतोच, पण तो दुपटीच्या वर जाऊ नये असं माझं मत. अडीच तास तबलजीचे हात एका क्षणालाही थांबत नाहीत. गायकांना मधे श्वास मिळतो, कारण ते दोघं आहेत.

तालमी धरा. वीस गाण्यांच्या कार्यक्रमाला किमान दोन पूर्ण तालमी लागतात, प्रत्येकी तीन तासांच्या. त्या संध्याकाळी साथीदाराची शिकवणी बुडते. प्रत्येक तालमीचे निदान येण्याजाण्याचे आणि चहाचे पैसे वेगळे द्या.

एक पानाचं पत्र करा. त्यात हवं: तारीख, जागा, हजर राहण्याची वेळ, कार्यक्रमाची लांबी, गाण्यांची संख्या, तालमी किती, मानधनाचा आकडा, आगाऊ किती, उरलेले केव्हा. तारीख नक्की होताच ३० टक्के आगाऊ द्या आणि उरलेले मध्यंतरात, पाकिटात किंवा यूपीआयनं. "उद्या वाचनालयात येऊन घेऊन जा" हे नको; त्यात माणसाला आपल्याच पैशासाठी दोन खेटे पडतात. रद्द झाल्यास काय, हेही त्यातच लिहा. सात दिवसांच्या आत संस्थेनं रद्द केला तर निम्मं मानधन, दोन दिवसांच्या आत केला तर पूर्ण. त्या तारखेचं दुसरं काम त्यानं तुमच्यासाठी सोडलेलं असतं.

पैसे प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र द्या. मुख्य गायकाकडे एकगठ्ठा रक्कम देऊन "तुम्ही वाटून घ्या" म्हटलं की तालवाद्याला शेवटी काय मिळालं हे संस्थेला कधीच कळत नाही. शाहिरी किंवा भारुडाची पार्टी बोलावली तर मात्र प्रमुखाशीच बोलणी होतात. तेव्हा किती माणसं येणार आणि गाडीभाडं कोणाचं, हे आधी विचारून आकडा त्या हिशेबानं ठरवा.

आणि गायकांची पट्टी (पेटीवरचा जो सूर धरून ते गातात तो) आधी कळवा. पुरुष गायक काळी एक आणि स्त्री काळी चार किंवा पाच असेल तर तबलजीला दोन वेगळे दायाँ (उजव्या हाताचे तबले) आणावे लागतात. एकाच तबल्यावर ओढाताण केली तर सूरही बिघडतो आणि पुडीही.

---

वाचनालय_कार्यवाह

सभेत मांडायला हे फार उपयोगी पडेल, दोघांचे आभार. दोन प्रश्न उरले.

एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, "१९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी संयुक्त 'मानापमान' नाटक केलं, तेव्हा कोणी मानधनाचं बोललं होतं का?" याला काय उत्तर द्यावं? दुसरं, आमच्या गायिका शिक्षिका आहेत. त्या स्वतःहून म्हणाल्या की मी काही घेणार नाही. आता कार्यकारिणी म्हणते, त्या घेत नाहीत तर बाकीच्यांनी का घ्यावं?

---

जमाखर्च

संयुक्त मानापमानाचं उदाहरण मोठं आहे आणि त्याचा मान राखूनच उत्तर द्यावं. तिथे दोन नामांकित नाटक कंपन्यांनी आपल्या खेळाचं उत्पन्न फंडाला दिलं. देणारे कंपनीचे चालक होते, खेळ त्यांचा, गल्ला त्यांचा. आपल्या गल्ल्यातून दान करणं वेगळं आणि तबलजीच्या महिन्याच्या मिळकतीतून संस्थेनं परस्पर दान वळतं करणं वेगळं. त्या सभासदांना विचारा: आज गल्ला कोणाचा आहे? वाचनालयाचा. मग त्या प्रयोगातल्या चालकांच्या जागी आज आपण आहोत, कलाकार नाहीत.

गायिकेबद्दल: त्यांना मानधन द्याच. त्यांच्या नावाचं पाकीट, त्यांची सही, हिशेबात नोंद. त्यानंतर त्यांना वाटलं तर तेवढीच किंवा कमी-जास्त रक्कम त्या देणगी म्हणून देतील आणि त्याची स्वतंत्र पावती निघेल. दोन्ही व्यवहार वेगवेगळे, शक्य तो बँकेतून. याचे तीन फायदे. कार्यक्रमाचा खरा खर्च कागदावर येतो, त्यामुळे पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक खोटं ठरत नाही. त्यांच्या देणगीला, त्या जुन्या करप्रणालीत असतील तर, वजावट मिळू शकते. आणि त्यांचं देणं त्यांच्यापुरतं राहतं.

त्यासाठी एक पथ्य कडक पाळा: मंचावरून "अमुक ताईंनी मानधन नाकारलं" अशी घोषणा करायची नाही. ती झाली की बाजूला बसलेल्या पेटीवाल्याच्या खिशातलं पाकीट जड होतं. आभारपत्र घरी पाठवा.

टीडीएसची (पैसे देतानाच कापायच्या आयकराची) भीती दाखवणारेही कोणी सभेत निघतील. व्यावसायिक शुल्कावर तो एका व्यक्तीला वर्षात ५०,००० च्या वर दिले तरच (१ एप्रिल २०२५ पासूनची मर्यादा, आधी ३०,००० होती). पाच-आठ हजारांना प्रश्न येत नाही. सही केलेलं व्हाउचर मात्र प्रत्येकाचं ठेवा, लेखापरीक्षक तेच मागतो.

---

सहभागी_रंगकर्मी

मानधन आधी ठरवण्याऐवजी वाटा का ठेवू नये? सगळ्यांना ३,००० ची हमी आणि तिकिटांच्या शिलकीतला ३० टक्के वाटा कलाकारांत समान. नाट्यगृह भरलं तर सगळ्यांचं भलं, आणि कलाकारही तिकिटं खपवायला मदत करतात.

---

पांढरी_दोन

हमीशिवाय वाटा असता तर मी सरळ विरोध केला असता. हमी आहे म्हणून बोलण्यासारखं आहे. पण वरचाच हिशेब बघा. ७० टक्के विक्रीला, हमीचे २१ हजार धरून, शिल्लक साधारण १५ हजार; तिचा ३० टक्के वाटा सात जणांत माणशी साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे तबलजी ५,००० ऐवजी साधारण ३,६५० वर, आणि गाण्यांच्या हक्कांचं शुल्क गेलं की त्याहून खाली. तिकीटविक्री कार्यकारिणीच्या हातात, सन्मानिका किती वाटायच्या तेही तिच्याच हातात, आणि जोखीम मात्र तबलजीची. हे जुळत नाही. वाटा ठेवायचाच तर पूर्ण मानधनाच्या वर ठेवा. आणि खिडकीवरच्या विक्रीचा कागद त्याच रात्री कलाकारांच्या प्रतिनिधीला दाखवायचा, असं पत्रात लिहा.

कलाकारांनी तिकिटं खपवावीत ही अपेक्षाही नको. त्यांच्या नातेवाइकांकडून वर्षातून किती वेळा पैसे काढणार?

---

विंगेतून

ध्वनीवर १८ हजार धरलेत ते ठीक आहे, पण ध्वनिवाल्याला नुसतं "गाण्याचा कार्यक्रम आहे" म्हणून बोलावू नका, माइकांची यादी द्या. गायक २, निवेदक १, पेटी १, तबला-डग्गा २, तालवाद्य २, कीबोर्डच्या दोन लाइन. झाले १०. आठ चॅनलचा मिक्सर आणला तर निवेदकाचा माइक गायकाच्या हातात फिरत राहतो. बारा किंवा सोळा चॅनल आणि मंचावर किमान तीन मॉनिटर सांगा. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो ओरडून गातो आणि दहाव्या गाण्याला बसतो. मग दोष त्याला मिळतो.

ध्वनिचाचणी पडदा उघडण्याच्या तीन तास आधी सुरू करा. तेव्हाच पेटी आणि कीबोर्डचा सूर जुळवा. पेटीचे स्वर जागेवर बदलता येत नाहीत, म्हणून कीबोर्डचं सूक्ष्म ट्यूनिंग पेटीला मिळवायचं. हे राहिलं तर सगळा कार्यक्रम किंचित बेसूर लागतो आणि श्रोत्यांना कारण कळत नाही. उघड्या मैदानावर करायचा विचार आलाच तर रात्री १० ची मर्यादा लक्षात ठेवा.

आता हक्क. "मदतनिधीचा कार्यक्रम आहे, म्हणजे परवाना लागत नाही" हा समज सगळीकडे आहे आणि चुकीचा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली सूट हौशी मंडळाच्या प्रयोगाला आहे, तीही प्रेक्षक पैसे देत नसतील किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तर. तुमचं वाचनालय आहे आणि तिकीट आहे, म्हणजे ती सूट नाही. आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या वतीनं परवाने देणाऱ्या संस्थेकडे) आधी अर्ज करा; आसनसंख्या, तिकीटदर आणि गाण्यांची यादी तयार ठेवा. मध्यंतरात ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा परवाना वेगळा.

गाणी निवडताना थोडा विचार केला तर बोजा हलका होतो. भारतात लेखक किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. नाटककार किर्लोस्कर, देवल, खाडिलकर (मृत्यू १९४८) यांच्या पदांचे शब्द आता मुक्त आहेत. संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या चालीही मुक्त. पण मास्टर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चालींवर हक्क आहे. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजायचे, इथे गफलत होते. कार्यक्रमात एखादा नाट्यप्रवेश घालणार असाल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी, त्यांचं मानधन आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र, हे तिन्ही बघा. स्थानिक लेखक असला तरी.

---

कॅनव्हास

चित्रांचा मुद्दा मागे पडला, म्हणून लिहितो. "एकेक चित्र भेट द्या" हे अजिबात करू नका. चित्र दिल्यानं चित्रकाराला ८०जीची सवलतही मिळत नाही, कारण ती फक्त पैशाच्या देणगीला आहे. रंग, कॅनव्हास आणि फ्रेम यांचा खर्च त्याचा, आणि वर लिलावात चित्र दीड हजाराला गेलं तर गावात त्याचा भाव दीड हजार ठरतो. पुढची दोन वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक तोच आकडा सांगतं.

त्यापेक्षा असं करा. किंमत चित्रकार ठरवेल, त्याखाली विक्री नाही. विक्रीतून आधी फ्रेमचा खर्च त्याला परत, उरलेल्यातले ६० टक्के चित्रकाराला, ४० टक्के निधीला. उदाहरणार्थ ९,५०० चं चित्र, फ्रेम १,५००: राहिले ८,०००, त्यातले ४,८०० चित्रकाराचे आणि ३,२०० छपराचे. हे प्रमाण चित्राखालच्या चिठ्ठीवरच छापा. घेणाऱ्यालाही बरं वाटतं आणि घासाघीस थांबते. लिलावाचा पुकारा नको. प्रत्येक चित्राशेजारी बोलीचा कागद ठेवा: पहिल्या ओळीत चित्रकाराची किंमत, पुढची बोली किमान ५०० नं वर, मध्यंतर संपताना कागद उचलायचे. त्यामुळे किंमत खाली जाण्याचा प्रश्नच येत नाही. पैसे चित्र हलण्याआधी घ्या आणि चित्रकाराचा हिस्सा आठ दिवसांत द्या.

चित्रं ताब्यात घेताना यादी करा: नाव, माप, माध्यम, किंमत, फ्रेमवर ओरखडा असेल तर तो, आणि दोघांच्या सह्या. तिथून परत जाईपर्यंत जबाबदारी संस्थेची. नाट्यगृहाच्या दालनात भिंतीला खिळा मारू देत नाहीत, म्हणून कार्यकर्ते दोन बाजूंनी चिकटणारी टेप वापरतात आणि मध्यंतराच्या गर्दीत चित्र खाली येतं. ईझल (चित्र ठेवायची तिवई) किंवा जाळीचे उभे स्टँड भाड्यानं आणा आणि वडे-चहाचं टेबल दालनाच्या दुसऱ्या टोकाला लावा.

चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच असतो. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर किंवा पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेत छापायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळं मानधन. मुखपृष्ठाला २,००० दिलेत तरी चालेल, पण द्या.

---

वाचनालय_कार्यवाह

रविवारी सभा आहे. जमाखर्च यांचा तक्ता आमच्या नाट्यगृहाचे दर घालून मांडतो. चित्रांची ६०-४० ची पद्धत तिन्ही चित्रकारांना आज फोनवर सांगितली, तिघंही तयार आहेत. एकच शेवटचं: कार्यक्रमाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकावं, असं तरुण मंडळी म्हणतात. मानधन दिलं म्हणजे तो हक्क आला ना?

---

विंगेतून

नाही. मानधन त्या रात्रीच्या मंचावरच्या सादरीकरणाचं. मुद्रण करणं आणि ते लोकांपर्यंत पोचवणं हा कायद्यानं कलाकाराचा स्वतंत्र हक्क आहे, आणि तो पेटीवाल्यालाही तितकाच आहे जितका गायिकेला. पांढरी_दोन यांनी सांगितलेल्या पत्रात एक वेगळी ओळ घाला: चित्रीकरणाला संमती आहे की नाही, पूर्ण कार्यक्रम की तीन मिनिटांचे तुकडे, किती काळ ठेवणार, आणि त्यातून उत्पन्न झालं तर वाटा किती. होय-नाहीचे रकाने ठेवा आणि प्रत्येकाची वेगळी सही घ्या. एकानं 'नाही' लिहिलं तर पूर्ण चित्रफीत टाकायची नाही, कारण समूहाच्या सादरीकरणात त्याला वगळून संकलन करता येत नाही. गाण्यांच्या हक्कांसाठीही मंचावरच्या कार्यक्रमाचा परवाना आणि इंटरनेटवरचं प्रसारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा आयपीआरएसच्या अर्जाच्या वेळीच तेही विचारून घ्या.

सगळ्यांची संमती मिळाली तर ध्वनिवाल्याला मिक्सरमधून थेट मुद्रण घ्यायला आधी सांगून ठेवा. भ्रमणध्वनीवर घेतलेल्या आवाजात तबला बुडतो.